विमानापुरतं गणित

विमान चालवायला गणित किती लागतं, एवढाच माझा प्रश्न होता. कित्येक महिने मी तो ज्याला त्याला विचारला आणि सगळीकडून एकच उत्तर आलं, "लई लागतं." लई म्हणजे किती, ते कुणालाच सांगता येईना. आमचं नांदेडला मोटारपंपांचं दुकान आहे. लोह्याचा, नायगावचा शेतकरी येतो, बोअर किती खोल आहे, पाणी किती उंच चढवायचं आहे, शेत किती लांब आहे हे सांगतो, आणि आम्ही त्याला तेवढ्या ताकदीची मोटार काढून देतो. "पाणी लई खाली हाय" असं म्हणणाऱ्याला मी मोटार देत नाही. आधी दोरी सोडून मोजून ये म्हणते. त्यामुळे या शब्दाचा मला धंद्यातूनच वैताग आहे.

प्रश्न उभा राहिला मुलीमुळे. दहावीनंतर तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं आणि ती लातूरला गेली. क्लास नांदेडातही गल्लोगल्ली आहेत; पण माझा धाकटा भाऊ लातूरला आडत चालवतो आणि त्याच्या मते लातूरच्या वेशीबाहेर शिक्षण नावाची गोष्ट नाही. अकरावीत तिने गणित सोडलं. डॉक्टरकीच्या वाटेवरची बहुतेक पोरं सोडतात, गणिताचा वेळ जीवशास्त्राला लावतात. बारावी झाली, प्रवेश परीक्षा झाली, मग एक वर्ष रिपीट झालं. नंबर लागला नाही. निकालानंतर चार दिवसांनी दुपारी जेवताना ती म्हणाली, "मला विमान शिकायचंय."

"हे कुठून आलं मधीच?" नवरा म्हणाला.

"मधीच नाही आलं. आधीपासून होतं. तुम्ही कुणी विचारलं नव्हतं."

ते खरं होतं. आमच्याकडे मुलीला "काय व्हायचंय" असं विचारत नाहीत, "डॉक्टर का इंजिनिअर" असं विचारतात. नवऱ्याने भाकरी संपवली, हात धुतले आणि निकाल दिला. "पैशाचं मी बघतो. गणिताचं तुम्ही मायलेकी बघा. एक वर्ष. निघालं तर जा. न्हाई निघालं तर नर्सिंगला नाव घालायचं, मग कुरकुर चालायची न्हाई." तो रागावला नव्हता. तो असाच बोलतो, गिऱ्हाइकाशीही.

गणित निघणं म्हणजे काय, तर नियम असा की वैमानिकाच्या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही पास हवेत. भौतिक तिचं झालं होतं, चांगले मार्क होते. गणित नव्हतंच. ते एकट्या विषयाचा फॉर्म भरून मुक्त विद्यालयातून देता येतं, हे मी चौकशी करून काढलं. बारावीचं एक पुस्तक, एक पेपर, पास व्हायला तेहतीस. मला वाटलं, झालं. एक शिकवणी लावू, सहा महिन्यांत उरकेल.

भाऊ फोनवर म्हणाला, "अक्का, तू काहीतरीच बोलून राहिलीस. विमानाचं गणित हाय ते. नांदेडात कोण शिकवणार? हिकडं आण."

म्हणून पुन्हा लातूर.  तिथल्या क्लासच्या भागात शिरलं की भिंत दिसत नाही, पोरांचे फोटो दिसतात. कोपऱ्याकोपऱ्यावर फ्लेक्स, फोटोखाली नाव नि गुण, खाली रस्त्यावर पाठीला दप्तर लावलेली हजारो पोरं, मेसच्या डब्यांच्या रांगा. भाऊ आम्हाला एका मोठ्या क्लासमध्ये घेऊन गेला. गणिताच्या सरांना त्याची ओळख होती.

मी सरळ विचारलं, "सर, हिला फक्त बारावीचं गणित पास व्हायचंय. पुढे विमान शिकायचंय. तेवढ्यापुरतं किती शिकावं लागेल?"

सर हसले. वाईट माणूस नव्हता, दमलेला होता. "ताई, पास व्हायची बॅच आमच्याकडं नाही."

"मग कुणाकडे आहे?"

"लातुरात कुणाकडंच नसेल. इथं कुणी पास व्हायला येतच नाही." मग त्यांनी मुलीकडे पाहिलं. "फिजिक्स आणि मॅथ्स म्हटलं की आमच्याकडं आयआयटीची बॅच. त्यात बसवा. जास्तीचं आलं तर बिघडतं काय? विमानाला तर लईच लागतं गणित."

भावाने मान डोलवली. सगळ्यांनीच डोलवली. विमान आयआयटीपेक्षा उंच उडतं, तेव्हा त्याचं गणित निदान आयआयटीएवढं तरी असणारच, हा हिशेब त्या खोलीत कुणालाच चुकीचा वाटला नाही. विमान चालवणारा माणूस आम्हा चौघांपैकी कुणी जवळून पाहिलेला नव्हता.

मुलगी त्या बॅचमध्ये बसली. तीन वर्षं गणित सोडलेली, आणि आजूबाजूला आठवीपासून तयारी करणारी पोरं. दर रविवारी टेस्ट, दर सोमवारी भिंतीवर रँक. ती पहिल्या महिन्यात शेवटून दुसरी होती. दुसऱ्या महिन्यात शेवटचा मुलगा क्लास सोडून गेला, तेव्हा ती शेवटची झाली. फोनवर मी विचारायचे, "काय शिकवलं आज?" ती अवघड नावं सांगायची. मी विचारायचे, "हे विमानात कुठे लागतं?" त्यावर ती विषय बदलायची. एकदा म्हणाली, "आई, इथं असं विचारलं की सगळे माझ्याकडं बघतात."

मी भावाला म्हटलं, "हिला काहीच येत नाहीये."

"येईल की. टेस्ट देत राहिली की येतं. इथली पद्धतच तशी हाय."

"तिला इथल्या पद्धतीने कुठे जायचंय? तिला पास व्हायचंय."

"अक्का, तुला कळंना गेलंय. लातुरात येऊन पोरगी नुसती पास झाली म्हणून सांगितलं तर मला बाजारात तोंड दाखवायला जागा राहील का?"

म्हणजे वर्ष तिचं चाललं होतं आणि तोंड याचं होतं. मी फोन ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत मी तिला घेऊन विमान शिकवणाऱ्या एका संस्थेत गेले. नवरा म्हणाला, गणित निघण्याआधी कशाला? मी म्हटलं, खड्डा खणण्याआधी पाणी कुठे आहे ते बघू दे. तिथल्या मुख्य शिक्षकांची वेळ घेतली होती. साठीच्या पुढचे, कोरडे, नीटनेटके. शेडमध्ये लहान लहान विमानं उभी होती. इतकी लहान असतात हे मला माहीत नव्हतं. आमच्या दुकानासमोर पाइप उतरवायला येणारा टेम्पो त्याहून दांडगा असतो.

मी माझा नेहमीचा प्रश्न टाकला. त्यांनी "लई" म्हटलं नाही. ते मुलीकडे वळले. "शंभर मैल ताशी वेगाचं विमान आहे. समोरून वीसचा वारा. जायचं एकशे साठ मैल. पोचायला किती वेळ?"

मुलीने पर्समधून पेन काढलं. कागद मागितला. कागदावर तिने दोन बाण काढले, शेजारच्या अक्षरांवर क्लासात शिकवतात तशा टोप्यांच्या खुणा केल्या, आणि विचारलं, "वारा कोणत्या अक्षावर घेऊ?"

"समोरून आहे."

तिने आणखी काहीतरी लिहिलं. खोडलं. शिक्षक घड्याळाकडे न पाहता थांबले होते, त्याचा मला जास्त त्रास होत होता. मग तिने मान वर केली आणि अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "सर, ऑप्शन काय आहेत?"

त्यांना कळलं नाही. "कसले ऑप्शन?"

"ए, बी, सी, डी."

मला वाटलं, जमीन दुभंगली तर बरं. ते मात्र हसले नाहीत. म्हणाले, "परीक्षेत देतात ते. आत्ता समज आपण वर आहोत आणि टाकीत अडीच तासांचं तेल आहे. पोचू का?"

"एक पॉइंट सहा," ती घाईने म्हणाली. म्हणजे तिने वारा सोडून दिला होता. आकडा सुटसुटीत आला की उत्तर तेच, अशी तिला सवय.

त्यांनी दुसरा प्रश्न केला, भौतिकाचा. "मे महिन्यात दुपारी तुमच्याकडे बेचाळीस अंश असतं. त्या वेळी हे विमान धावपट्टीवरून लवकर उठेल की उशिरा?" तिने वायूचं सूत्र म्हणून दाखवलं, एका दमात, न अडखळता. "बरोबर. मग?" ते म्हणाले.  सूत्र होतं, पण तापलेली हवा विरळ होते, विरळ हवा पंखाला कमी उचलते, म्हणून जास्त धावावं लागतं, ही साखळी तिच्या डोक्यात कुठेच जोडलेली नव्हती. तीन वर्षं उत्तम शिकवणी घेतलेली पोरगी.

मग त्यांनी मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, पहिल्यांदाच कुणीतरी. वेग, अंतर, वेळ. शेकडेवारी, गुणोत्तर. मैलाचं किलोमीटर नि लिटरचं किलो. त्रिकोण, त्याचा साइन आणि कोसाइन, कारण वारा नेहमी समोरून येत नाही, तिरका येतो. वजन कुठे ठेवलं की तोल कुठे जातो. हवा, दाब, उष्णता. हे सगळं कागदाशिवाय, बोलता बोलता यायला हवं. "आणि ते बारावीचं?" मी विचारलं. "ते सरकारला हवंय. पास होऊ द्या. विमानात मला आजवर इंटिग्रेशन करावं लागलेलं नाही." जाताना मुलीला म्हणाले, "आठवी, नववी, दहावीची पुस्तकं काढ आधी."

परतीच्या प्रवासात मी तडकले होते. कुणावर तडकायचं तेही ठरत नव्हतं. मुलगी खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "दोन तास. ऐंशीने जाईल ते." हे तिला बस सुटल्यावर सुचलं होतं.

मी तिला लातूरहून काढून आणली. भाऊ गादी बांधायला मदत करत होता आणि बडबडत होता. "लोक पोरी लातूरला आणून सोडतात, तू घेऊन चाललीस. वर्ष वाया घालवून राहिलीस, अक्का." मी म्हटलं, "निम्मं घातलंच आहे. उरलेलं वाचवते." सर म्हणाले, फी परत मिळत नाही. मी मागितलीच नव्हती.

आठवीची पुस्तकं आम्ही रद्दीत देऊन वर्षं झाली होती. पुन्हा आणली. एकोणीस वर्षांची मुलगी काउंटरवर बसून आठवीचं शेकडेवारीचं प्रकरण सोडवत होती. लोह्याचे एक जुने गिऱ्हाईक मोटार न्यायला आले, पुस्तक पाहून म्हणाले, "काय बाई, पोरगी मोठी दिसून राहिली आन पुस्तक आठवीचं? नापास झाली का काय?"

"विमान शिकून राहिले, मामा."

"हाव? मंग आमच्या तुरीवर फवारा मारशील का वरून?"

"त्याला आता ड्रोन आलंय."

"मंग तुझं काय काम?" असं म्हणून ते खो खो हसले. ती पण हसली. मला हसू आलं नाही. मला पेपरची तारीख दिसत होती.

मला साइन-कोसाइन येत नाही. मी बी.ए. झालेली बाई. बारावीच्या पेपरासाठी आमच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरीण धावून आली, गणितात एम.एस्सी., घरी लहान बाळ. तिने पुस्तक चाळलं आणि अर्धी प्रकरणं बाजूला काढली. "ही शिकवणार नाही. यांना वेळ नाही. ही तेवढी पक्की करू, पासाची काळजी मिटेल." एखादी गोष्ट पुरेशी किती, हे सांगणारं माणूस शेवटी आमच्याच जिन्यावर सापडलं.

माझ्याकडे एकच काम होतं, ते म्हणजे तिची ऑप्शनची सवय मोडणं. मी पुस्तकातलं गणित मोठ्याने वाचायचे आणि म्हणायचे, "आधी अंदाज सांग. दहा का शंभर का हजार?" ती चिडायची. "आई, असं कसं अंदाजे सांगू? करू दे ना." मी म्हणायचे, करायच्या आधी सांग. तिचे अंदाज सुरुवातीला इतके भलते यायचे की मी हतबल व्हायचे. बोअरची खोली विचारली तर ती चार हजार फूट सांगायची, कारण आकडा मनातल्या मनात केलेल्या गणितातून आला होता. "बोअर बघितलीस का कधी चार हजार फुटांची? तेल काढायचंय का?" आमची भांडणं व्हायची, नवरा दुकानाच्या पाठीमागे निघून जायचा. एकदा एकाने मोटारसायकलच्या मागे पाइपचं जाड भेंडोळं बांधलं आणि पुढचं चाक उचललं गेलं. ती काउंटर सोडून बाहेर गेली, भेंडोळं पुढे ओढायला लावलं आणि आत येऊन म्हणाली, "हाच तोल विचारतील मला." त्या दिवशी आम्ही भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी परत भांडलो.

पेपर नांदेडलाच होता. केंद्राबाहेर निंबाखाली मी थांबले. ती आली.

"कसा गेला?"

"तीन गणितं सोडली."

"सोडली म्हणजे? काहीतरी लिहायचं तरी!"

"येत नव्हती. आलेली नीट तपासली."

 तीन गणितांवर वर्ष जाऊ शकतं, असं मला वाटत होतं. नर्सिंगचा फॉर्म नवऱ्याने आणून टीव्हीखाली ठेवला होता, त्याच्याकडे आम्ही दोघी बघत नव्हतो.

अठ्ठावन्न मिळाले. नवरा म्हणाला, "निघालं ना? मंग झालं," आणि फॉर्म स्वतःच्या हाताने फाडला. भाऊ म्हणाला, "अठ्ठावन्नच?" लातुरात हा आकडा ऐकला की लोक सांत्वनाला येतात. तरी तिचा त्या संस्थेत प्रवेश झाल्यावर त्याने मला मोबाइलवर एक फोटो पाठवला. त्या क्लासच्या नव्या फ्लेक्सवर, पहिल्या शंभर नंबरांत आलेल्या पोरांच्या रांगेत, आमची मुलगी. खाली लिहिलेलं, "आमची विद्यार्थिनी, भावी पायलट."

मी लगेच फोन लावला. "तो काढायला सांग."

"अक्का, फुकट लावलाय त्यांनी. फोटो मीच दिला."

"तिथे ती शेवटची होती."

"ते बोर्डावर लिहिलंय का?"

फ्लेक्स अजून आहे म्हणतात. मी बघायला गेले नाही.

पुढचं तिने केलं. वैद्यकीय तपासणी, हवामान, नियम, दिशा शोधण्याचा पेपर. तो पहिल्यांदा गेला, दुसऱ्यांदा निघाला. मग शिक्षकाबरोबर उडणं, आणि मग एकटीने उडायचा दिवस ठरला. नवऱ्याने दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलं. भावाने लातुरात पेढ्याची ऑर्डर दिली. मी सांगितलं होतं, आधी उडू दे. कुणी ऐकत नाही.

दुपारी तिचा फोन आला. मी काउंटरवरच होते.

"झालं का?" मी विचारलं.

"नाही. आज नाही उडाले."

"का? काय झालं?"

"वारा आडवा होता. सरांनी विचारलं, जाणार का? मी कोन धरून हिशेब केला. एकटीला जेवढा चालतो, त्याच्यापेक्षा ताशी दोन मैल जास्त निघाला. नाही म्हटलं."

"दोनच ना?" मी म्हटलं. माझ्या तोंडून निघून गेलं. "मग सर काय म्हणाले?"

"ठीक आहे म्हणाले. चहा प्यायला गेले."

"आणि तू?"

"मी पण गेले. उद्या सकाळी वारा बघू."

आवाजात रडं नव्हतं, लाजही नव्हती. मी जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला. मग भावाला लावला आणि पेढे थांबवायला सांगितले.

"भ्याली काय?" तो म्हणाला.

"न्हाई. हिशेब केला तिनं."

"हिशेब येत होता तर मंग उडाली का न्हाई?"

हे त्याला फोनवर समजावण्याएवढा वेळ माझ्याकडे नव्हता. समोर नायगावचा माणूस तीन इंची पाइप मागत उभा होता.